पाना बसला पाहिजे

कविसंमेलनात मला मोटारसायकलविषयी कुणी विचारत नाही. पण आमच्या गल्लीत आठवड्यातून एकदा तरी कुणी ना कुणी दारात येतो आणि म्हणतो, ‘‘चाचा, गाडीचं थोडंफार काम घरीच करावं म्हणतो. पाने कुठले घेऊ?’’ प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर उंबऱ्यावर उभ्याउभ्या देण्यासारखे नाही. म्हणून आज जरा सवडीने बोलू.

आमच्या सोलापुरात घरटी एक दुचाकी आहे, आणि त्यातल्या निम्म्याअधिक गाड्या शंभर-सव्वाशे सीसीच्या. कुणी तिच्यावर दूध घालतो, कुणी चादरीचे गठ्ठे पोचवतो, कुणी वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या शाळेत शिकवायला जातो. गाडी एक दिवस गॅरेजात पडली की त्या दिवसाची कमाई बुडते. आणि गॅरेजात गाडी जाते ती बहुधा मोठ्या कामासाठी नाही. प्लग काळा झालेला असतो, चेन सैल पडलेली असते, क्लचची वायर ताणायची असते, बॅटरीचा स्क्रू ढिला असतो. एवढे काम घरच्या अंगणात अर्ध्या तासात होते. इंजिन खोलणे हे आपले काम नव्हे. तो वेगळा इल्म आहे आणि त्याचे उस्ताद वेगळे.

हत्यारांची यादी सांगण्याआधी एक गोष्ट सांगतो, कारण ती समजली नाही तर यादीचा काही उपयोग नाही. पाना नटाला बसला पाहिजे. जवळपास बसून भागत नाही, नेमका बसला पाहिजे.

आमचे अब्बा गिरणीत जॉबर होते. माग दुरुस्त करणाऱ्याला आमच्याकडे जॉबर म्हणतात. त्यांचे पाने अजून माझ्याकडे आहेत. काळेशार, जड, हातात घेतले की वजन कळते असे. पण मोटारसायकलला त्यातला एकही चालत नाही. ते विलायती मापाचे पाने. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज कारागिराने १८४१ साली आट्यांचे एक प्रमाण माप सुचवले आणि पुढे शंभर वर्षे विलायती यंत्रे त्याच मापावर चालली. त्या पान्यांवर कोरलेला आकडा बोल्टच्या दांड्याची जाडी सांगतो, नटाची रुंदी नव्हे. ‘पाव इंच’ कोरलेल्या पान्याचे तोंड प्रत्यक्षात सुमारे १३.३ मिलिमीटर असते. आजच्या पान्यावरचा आकडा मात्र नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधले अंतर सांगतो. दहाचा पाना म्हणजे दहा मिलिमीटर रुंदीच्या नटाचा. आता ते १३.३ चे तोंड तेराच्या नटावर चढवून पाहा. चढते, फिरतेसुद्धा. फट फक्त पाव-अर्ध्या मिलिमीटरची. पण नट गंजलेला असला आणि आपण जोर लावला, की त्या फटीतून पाना कोपऱ्यावर सरकतो आणि कोपरा खातो. दोनदा खाल्ला की नट गोल. मग त्याला कुठलाच पाना धरत नाही.

आमच्या मोहल्ल्यातले जुने उस्ताद पोरांना एकच वाक्य ऐकवत असत, ‘‘बैठता नै तो लगाव नको, मियाँ.’’ घरात हत्यारे घेणाऱ्याने हे वाक्य डब्याच्या झाकणावर लिहून ठेवायला हरकत नाही.

गोल झालेल्या नटाची किंमत काय असते ते एकदा मी मोजली आहे. एका गॅरेजात तेल बदलायला गाडी दिली. तिथल्या पोराला सतराचा पाना सापडेना, म्हणून त्याने तेल सोडायचा बोल्ट पक्कडीने आवळला. पुढच्या वेळी तो निघेना. छिन्नी लावून काढला तेव्हा बोल्टाबरोबर केसचे आटेही आले. केस ॲल्युमिनियमची असते आणि बोल्ट पोलादाचा. दोघांचे भांडण झाले तर हरते कोण, हे सांगायला नको. नवे आटे पाडून आणेपर्यंत गाडी आठ दिवस उभी राहिली. सतराचा पाना त्या वेळी चहा-नाश्त्याच्या पैशांत मिळत होता.

आता मापे कुठली घ्यायची? दुकानात सहा-सात, आठ-नऊ, दहा-अकरा अशी जोड्यांची माळ मिळते आणि आपण ती आख्खी उचलतो. त्यातली निम्मी मापे जन्मभर तेलकट फडक्यात पडून राहतात. याला कारण आहे. बोल्ट एकाच जाडीचा असला तरी जपानी पद्धतीत त्याचे डोके वेगळ्या मापाचे असते आणि युरोपी पद्धतीत वेगळ्या. आठ मिलिमीटर जाडीच्या बोल्टला जपानी गाडीत बाराचा पाना लागतो, युरोपी पद्धतीत तेराचा. दहा मिलिमीटरच्या बोल्टला इकडे चौदाचा, तिकडे सतराचा. हिरो होंडाची स्प्लेंडर १९९४ साली आली. त्या दोन कंपन्या पुढे वेगळ्या झाल्या आणि २०११ पासून गाडी नुसत्या हिरोच्या नावावर निघू लागली, पण तिचे नट-बोल्ट जपानी वळणाचेच राहिले. म्हणून स्प्लेंडर किंवा तिच्या जातीची गाडी असेल तर आठ, दहा, बारा, चौदा आणि सतरा एवढ्या पाच मापांत घरचे बहुतेक काम उरकते. जुनी बजाज चेतक ही इटलीच्या व्हेस्पाच्या घराण्यातली. तिला अकरा आणि तेरा पदोपदी लागतात. तेव्हा बाजारात जाण्याआधी आपल्या गाडीशेजारी बसा आणि नटांची रुंदी मोजून कागदावर लिहा. मागच्या चाकाच्या आसाचा नट मुद्दाम मोजा, कारण तो गाडीगणिक बदलतो. सतराचा असेल, एकोणीसचा, बावीसचा, चोवीसचाही.

माप ठरले की पान्याची जात. दोन्ही टोकांना उघडे तोंड असलेला साधा पाना सगळ्यांच्या ओळखीचा. तो नटाला धरतो, पण जोर पडतो तो फक्त दोन कोपऱ्यांवर. रिंग पाना कड्यासारखा नटाभोवती बसतो आणि सहाही कोपरे वाटून घेतो. म्हणून घट्ट नट सोडवायचा आणि शेवटचा आवळायचा तो रिंगने. मधले फिरवणे उघड्या तोंडाने. साध्या पान्याचे तोंड दांड्याला सरळ नसते, पंधरा अंश तिरपे असते, हे तुम्ही पाहिले असेल. ते घडवताना वाकडे झालेले नाही. जागा अडचणीची असली की पाना थोडा फिरवायचा, काढायचा, उलटा करून पुन्हा लावायचा, की तीस अंशांच्या जागेतही नट फिरत राहतो. ज्याने कुणी हे शोधले त्याला मी मनातल्या मनात दाद देतो.

माझी शिफारस कॉम्बिनेशन पान्यांची. एका टोकाला उघडे तोंड, दुसऱ्या टोकाला त्याच मापाची रिंग. आठ, दहा, बारा, चौदा, सतरा असे पाच सुटे घ्यावेत. त्यांच्या जोडीला आठ, दहा आणि बाराचे तीन टी पाने. टी पाना म्हणजे लांब दांडा, वर आडवी मूठ, खाली सॉकेट. गॅरेजातल्या पोराच्या हातात दिवसभर जो असतो तोच. खोलात दडलेला बोल्ट त्याने चटकन फिरतो. शिवाय पुष्कळ ठिकाणी नट आणि बोल्ट दोन्ही एकाच मापाचे असतात. एक धरून ठेवायचा आणि दुसरा फिरवायचा असतो. त्या वेळी एकाच मापाची दोन हत्यारे लागतात, ती गरजही भागते.

लांबीविषयी एक शब्द. दहाचा पाना आखूड असतो आणि सतराचा लांब, हे लोखंड वाचवण्यासाठी नाही. दहाचा पाना ज्या बोल्टला लागतो त्याची जाडी सहा मिलिमीटर. त्याला पीळ हवा साधारण एक किलोग्रॅम-मीटर. पाना एक वीतही लांब नसतो, त्यामुळे मनगटाच्या जोराने तेवढाच पीळ पडतो आणि हात आपोआप थांबतो. त्यावर पाइप चढवून जोर लावला की हिशेब मोडतो आणि बोल्टही. पाइप चालतो तो फक्त मागच्या आसाचा गंजलेला नट सोडवताना. आवळताना नाही. आणि पाना शक्यतो आपल्याकडे ओढावा, समोर ढकलू नये. ढकलताना निसटला तर बोटांची सालटी किकच्या दांड्यावर राहतात.

पेचकसाच्या बाबतीत बहुतेकांची फसगत होते. अधिक चिन्हासारख्या खाचेचे सगळे स्क्रू आपल्याला सारखे दिसतात, पण ते सारखे नसतात. आपल्याकडे घरोघरी असतो तो फिलिप्स पद्धतीचा पेचकस. अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्सच्या नावाने १९३० नंतरच्या दशकात तो जगभर पसरला. जपानी वळणाच्या गाड्यांवरच्या स्क्रूची खाच दिसायला तशीच, पण घडण वेगळी. फिलिप्सचे टोक तिच्यात तळापर्यंत जात नाही. जोर लावला की वर उचलले जाते आणि खाच खरवडते. अशा पुष्कळ स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीकसा ठिपका असतो, तीच ओळख. मग करायचे काय? गाडीबरोबर आलेल्या किटमधला दुतोंडी पेचकस टाकून देऊ नका. दिसायला गरीब, पण पुष्कळदा तोच त्या खाचेचा असतो. नवा घ्यायचा तर गाडीचा एक स्क्रू काढून खिशात घालून दुकानात जा. पेचकस आडवा धरा आणि टोकाला स्क्रू लावा. डुगडुगला तर तो पेचकस परत ठेवा. दोन नंबरचा एक आणि तीन नंबरचा एक असे दोन पुरतात, आणि सपाट टोकाचा एक. इंजिनाच्या कव्हराचा स्क्रू जाम असेल तर हातोडीने ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर मिळतो, पण तो पहिल्या खरेदीत नको. तोवर स्क्रूवर थोडे तेल सोडून रात्रभर वाट पाहावी.

प्लगचा पाना मात्र पहिल्या दिवसापासून हवा. स्प्लेंडरच्या प्लगला सोळाचा लागतो, जुन्या चेतकला एकवीसचा. आत रबरी कडे असलेला मिळाला तर तोच घ्या, म्हणजे प्लग धरला जातो आणि त्याची चिनी माती तडकत नाही. इंजिन थंड झाल्याशिवाय प्लगला हात लावू नये. बसवताना पाना बाजूला ठेवून आधी बोटांनी फिरवावा. बोटांनी शेवटपर्यंत गेला तरच आटे सरळ आहेत असे समजावे. नंतर नवा प्लग पान्याने साधारण अर्धा वळसा. जुनाच परत बसवत असाल तर वळशाचा आठवा भाग पुरे. टोकांमधली फट पाहायला फिलर गेज लागते. पातळ पत्र्यांचा तो जुडगा स्वस्त असतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. मित्राच्या गाडीची फट आपल्या गाडीला लावू नये, पुस्तिका पाहावी. ती हरवली असेल तर सर्व्हिस सेंटरवर विचारावे, सांगतात.

आता चेन, आणि तिच्याबरोबर मागच्या आसाचा नट. इथे थोडे थांबतो, कारण बाकी कामात चूक झाली तर गाडी बंद पडते, इथे चूक झाली तर माणूस पडतो.

माझी थोरली लेक परिचारिका आहे. सोलापूर-अक्कलकोट रस्त्याने वळसंगच्या पुढे एका आरोग्य केंद्रात रोज जाते, आणि रात्रपाळी असली की अंधारात परतते. एका पावसाळ्यात वाटेत पंक्चर झाले. रस्त्याकडेच्या एका दुकानात चाक काढून ट्यूब सांधली, चाक परत बसवले, ती घरी आली. पंक्चर काढल्यावर आसाचा नट स्वतः तपासायचा, ही सवय तिला मी लावली होती. ओल्या कपड्यांनीच तिने डब्यातून रिंग पाना काढला. नटावर चढवून बोटाने ओढला तर नट अर्धा वळसा सहज फिरला. त्या पंक्चरवाल्याने तो हातानेच बसवला होता आणि आवळायचे राहून गेले होते. बाराचाकी ट्रकांच्या त्या रस्त्यावरून ती तशीच वीस किलोमीटर आली होती. तिच्या अम्मीला आम्ही दोघांनी ही गोष्ट वर्षभर सांगितली नाही.

तेव्हा आसाच्या नटाच्या मापाची लांब दांड्याची चांगली रिंग, हे घरातले सर्वांत मोलाचे हत्यार समजा. स्वस्तातले घ्यायचेच असेल तर दुसरे काहीही घ्या, हे नको. त्या नटाला खिळ्यासारखी कॉटर पिन असेल तर ती दर वेळी नवी घालावी. काही आण्यांची वस्तू, म्हणजे आताचे दोन-चार रुपये.

चेनचा ढिलेपणा पाहायचा तो गाडी मधल्या स्टँडवर घेऊन, गिअर काढून, चेनच्या खालच्या पदराच्या मध्यावर. चेनकव्हर बंद असेल तर त्यावर रबरी बूच असते, ते काढले की चेन दिसते. बोटाने वर-खाली केल्यावर साधारण दोन ते तीन सेंटीमीटर हालचाल ठीक. चाक फिरवून चार ठिकाणी पाहावे, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आल्या पाहिजेत, नाहीतर चाक तिरके बसते. नट आवळल्यावर ढिलेपणा पुन्हा एकदा मोजावा, आवळताना तो बदलतो. आणि मागच्या ब्रेकचा पायडा दाबून पाहावा, कारण चाक मागे सरकले की ड्रम ब्रेकची दांडीही ताणली जाते.

पक्कड आणि स्क्रू पाना या दोघांविषयी माझे मत गल्लीत सगळ्यांना पाठ आहे. पक्कड तार वाकवायला आणि पिन ओढायला. नटाला ती लावणाऱ्याच्या हातून पक्कड काढून घ्यावी. तोंड कमी-जास्त होणारा स्क्रू पाना गाडीत असावा, पण अडीनडीला. वापरायची वेळ आलीच तर असा धरा की जोर त्याच्या पक्क्या जबड्यावर येईल, सरकत्या जबड्यावर नाही.

खरेदी कुठे करावी? महाराष्ट्रातल्या माणसाला फार लांब पाहायला नको. नाशिकचे पाने देशभर जातात. पंजाबात जालंधर आणि लुधियाना ही तर हातहत्यारांचीच गावे. मुंबईला कुणी जात असेल तर नागदेवी स्ट्रीटवर दिवस कमी पडेल. पान्यावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ असे कोरलेले असते, पण कोरणे सोपे आहे, त्यावरच विसंबू नये. तोंडाच्या कडा बोटाने तपासा. घडाईचा पाना कडेला सुबक असतो, तोंडाच्या आतल्या बाजू समांतर आणि गुळगुळीत. मुलामा पापुद्र्यासारखा सुटत असेल तर ठेवून द्या. प्लॅस्टिकच्या पेटीत चाळीस-पन्नास नगांचा चकचकीत संच अगदीच कमी किमतीत मिळतो. त्यातला दहाचा सॉकेट तिसऱ्या वापराला फाकतो. बाकीचे एकोणचाळीस नग नवेच्या नवे राहतात. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा आपल्या गावच्या भंगारात जुना पण चांगला पाना मिळू शकतो. तोंड फाकलेले नाही ना, तेवढे एका नव्या नटावर बसवून पाहा आणि घ्या.

सगळे एका दिवशी घेऊ नका. पहिल्या महिन्यात प्लग पाना, दहा, चौदा, सतरा, आसाची रिंग आणि दोन पेचकस. मग काम अडेल तसे वाढवत जावे. एप्रिल २०२० पासून बीएस-६चा नियम आला आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळपास गेलाच. तेव्हा नवी गाडी असेल तर कार्बोरेटरसाठी काही घेण्याचे कारण नाही. डिस्क ब्रेक असेल तर पाच-सहाच्या एलन की जवळ असाव्यात, आरसे, कव्हरे काढायला उपयोगी पडतात. डिस्क ब्रेकच्या तेलाला आणि कॅलिपरला मात्र घरी हात घालू नये. तिथे हवा शिरली तर ब्रेक दाबल्यावर लिव्हर हँडलला टेकते आणि गाडी पुढे जात राहते.

बाकी सामान घरातच असते. सुटे केलेले नट ठेवायला एक जुनी जर्मनची ताटली. काढलेल्या क्रमाने ती वर्तुळात मांडावीत, म्हणजे बसवताना शेवटचे आधी उचलता येते. काढलेले काळे तेल जुन्या डब्यात साठवून गॅरेजात नेऊन द्यावे, गटारात ओतू नये. धुवायला थोडे डिझेल, पेट्रोल नव्हे. आणि जुन्या सुती लुंगीचे तुकडे. काम झाले की प्रत्येक पाना त्या फडक्याने पुसून, तेलाचा हात फिरवून डब्यात ठेवावा. पावसाळ्यात डब्यात खडूचे दोन तुकडे टाकावेत, ते ओल धरतात. आमच्या डब्यात लेकीने तीन टाकलेत, शाळेतल्या तिच्या मैत्रिणीकडून आणून.